कॅमेऱ्याची जेवणाची सुट्टी

जगात प्रामाणिक माणूस एकच आहे आणि तो रोह्यात राहतो, असं आमच्या ताईच्या सासऱ्यांचं, आबांचं, ठाम मत होतं. त्या माणसाचं नाव विचारायची गरज कधी कुणाला पडली नाही. उरलेली मानवजात, सुनेच्या माहेरचे आम्ही पेणकर धरून, चोर. काही सापडलेले, काही अजून सापडायचे. आबांनी सगळी नोकरी एका कंपनीच्या फाटकावर टाइमकीपर म्हणून केली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते काम घरी आणलं. दूधवाला किती मिनिटं उशिरा आला ते भिंतीवर लिहिलेलं असे, तुपाच्या बरणीवर पेन्सिलीची रेघ असे आणि पडवीत रचलेल्या प्रत्येक नारळावर लाल ऑइलपेंटने नंबर असे. निघालेल्या पाहुण्याला "पुन्हा या" म्हणायच्या आधी ते "छत्री तुमचीच ना?" असं विचारत. ताईच्या साखरपुड्याला मी चप्पल घालून निघालो, तर त्यांनी मला ती काढायला लावली, उलटी करून तळ बघितला आणि म्हणाले, "बरोबर. तुझीच हाय." त्या आवाजातली निराशा मी अजून विसरलेलो नाही.

पण इतर चोर हे किरकोळ. खरे चोर शेजारचे मास्तर. आबांच्या वाडीतल्या फणसाच्या दोन फांद्या मधल्या दगडी गडग्यावरून मास्तरांच्या अंगणात गेल्या होत्या आणि त्या फांद्यांवरचे फणस कुणाचे, यावरून अकरा वर्षं अबोला होता. एकाच सलूनमध्ये शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसले तरी दोघं आरशातसुद्धा एकमेकांकडे बघत नसत. घरात मास्तरांचं नाव काढायला बंदी होती.

एक पुतण्या दुबईहून यायचा होता. लोक दुबईहून सेंट मागवतात. आबांनी पाळतीचा कॅमेरा मागवला. माझं पेणला टीव्ही दुरुस्तीचं दुकान असल्याने तो बसवायचा मान मला मिळाला. कॅमेरा पडवीच्या खांबावर, तोंड फणसाकडे. वायर माजघरातल्या व्हीसीआरला. मंद गतीवर कॅसेट सहा तास चाले, म्हणजे सकाळी दहा ते दुपारी चार. संध्याकाळी सगळं रोहा मालिका बघे आणि आबा गडगा बघत. मधेच कावळा आला की रिवाइंड करून पुन्हा बघत.

आठवड्याभरात दुकानात फोन आला. "मेकॅनिक, तुझं यंत्र चोराला सामील हाय!"

दोन वाजेपर्यंत चित्र नीट दिसे. मग गडग्याची सावली एकदम हातभर उडी मारी आणि तीन वाजलेले असत. तेवढ्यात कधी कधी एक फणसही नाहीसा झालेला असे. मी एसटीने तीन खेपा केल्या. वायर बदलली, व्हीसीआरचं हेड साफ केलं, कॅसेट नवी घातली. चौथ्या खेपेला आबांनी जाहीर केलं, "परवा पोलिसात जातो. मास्तराचं नाव लिहून देतो."

त्या दुपारी जेवणं झाल्यावर आबा झोपाळ्यावर घोरू लागले आणि मी स्क्रूड्रायव्हर घेऊन यंत्रापाशी बसलो. दोन वाजले. ताईच्या सासूबाई पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी शांतपणे बटण दाबून यंत्र बंद केलं.

"आई, तुम्ही?"

"हळू बोल. आणि ती वायर सारखी बदलू नको, तिचा काय दोष नाय."

मग त्यांनी सांगितलं. मास्तरांना अर्धांगवायू झाला होता. चार महिने ते अंथरुणावर होते. त्यांच्या बायकोला, काकूंना, एकटीने त्यांना कुशीवर वळवणं जमत नव्हतं, म्हणून आबा झोपले की आई जात. दोघी मिळून त्यांचं अंग पुसत, कपडे बदलत.

"आणि फणस?"

"बरका हाय. मऊ असतो, गिळता येतो त्यांना."

सगळ्या आळीला ठाऊक होतं. आबांसमोर नाव काढायची सोय नसल्याने तेवढे एक आबाच राहिले होते.

"मग सांगून टाका ना."

"मास्तरांनी शपथ घातलीय. धड बोलता येत नाय, पण तेवढं बोलले. म्हणाले, त्याला मला असा बघू देऊ नको."

मी आबांना सांगितलं की यंत्र तापतं, दोन ते तीन त्याला विश्रांती लागते. "यंत्राला जेवणाची सुट्टी?" टाइमकीपर कडाडले. "मग उद्या दोन ते तीन मी बसतो पहाऱ्याला!"

मी मुद्दाम मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी आबा झोपलेच नाहीत. माडाच्या आड खुर्ची टाकून बसले. दोन वाजता आई कोयता घेऊन आल्या, फणस काढला आणि गडग्याच्या खिंडीतून पलीकडे गेल्या. आबा मागोमाग गेले. मी त्यांच्या मागे. मास्तरांच्या खिडकीपाशी पोचल्यावर त्यांनी आत एकदाच बघितलं आणि चटकन भिंतीला पाठ लावून उभे राहिले. आतून काकूंचा आवाज येत होता, "हां, आता जरा उजवीकडे."

परत आल्यावर त्यांनी माडाआडची खुर्ची उचलून पडवीत ठेवली. मग म्हणाले, "मी बघितलं म्हणून कुणाला सांगू नको. हिलासुद्धा नाय."

"नाही सांगत."

"वायर त्याच्या पलंगापर्यंत पुरंल काय?"

मी गोंधळलो. "कुणाच्या?"

"मास्तराच्या! तुझ्या दुकानात एखादा जुना टीव्ही असंल ना? छपराकडे बघून माणूस किती बघंल?"

आठवड्याने मी मास्तरांच्या पलंगासमोर टीव्ही नेऊन लावला आणि कॅमेऱ्याची वायर त्याला जोडली; काकूंना सांगितलं, कल्पना माझी, आबांना पत्ता नाही. रेकॉर्डिंगचं काय, म्हणून विचारलं, तर आबा म्हणाले, "नको. नुसतं दिसू दे."

तेव्हापासून रोज दुपारी दोन वाजता आबा बरोबर कॅमेऱ्यासमोर खुर्ची टाकून, त्याच्याकडे पाठ करून बसत. कावळ्यांना शिव्या घालत, सुक्या पानांचा पातेरा गोळा करत, फणसाला उगाच काठी लावून बघत; समोरून गडगा ओलांडणाऱ्या आई मात्र त्यांना कधी दिसल्या नाहीत. काकू सांगत, मास्तर अर्ध्या तोंडाने हसतात. एकमेकांशी ते दोघं शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

असं दोन वर्षं चाललं. त्यातलं काहीही कॅसेटवर नाही. मास्तर गेल्यावर पंधरा दिवसांनी मी टीव्ही आणायला गेलो, वायर गुंडाळत आबांच्या अंगणात आलो, तर अडीच वाजले होते आणि आबा कॅमेऱ्याकडे पाठ करून खुर्चीवर बसलेले होते.

"आबा, तिकडचा टीव्ही काढला मी."

"व्हय," ते म्हणाले. "तीन वाजू दे."