बसून घेतलेला पहारा

देवावर माझा विश्वास आहे, देवाच्या नावानं समित्या चालवणाऱ्यांवर नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भोळा समजणार नाही. माझे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं लुळे पडले. भोकरला खोली घेऊन राहतो, अपंगांच्या हक्कांची पत्रकं लिहितो आणि बाजारात, एसटी स्टँडवर, कचेऱ्यांच्या दारात स्वतः वाटतो. ‘दया नको, रस्ता द्या’ हे माझ्या प्रत्येक पत्रकाचं शेवटचं वाक्य. असा माणूस अनुभव लिहायला बसला तरी थोडा भांडणारच. तेवढं चालवून घ्या.

माझी गाडी म्हणजे मागं दोन चाकं बसवलेली तीनचाकी स्कूटर. ती बटणावर चालू होते, म्हणजे व्हायला पाहिजे. किक आहे, पण किक मारायला पाय लागतो, आणि पाय असता तर मी तीनचाकी कशाला घेतली असती? बनवणाऱ्यांना हा साधा प्रश्न पडला नाही. बटण दाबलं की कधी इंजिन फिरतं, कधी नुसतं ‘टक’ होतं, कधी तेवढंही नाही. मेकॅनिकनं बटण बदललं, वायर बदलली, बॅटरी बदलली. थोडे दिवस बरे जातात की पुन्हा तेच. आत धूळ बसते म्हणतो. म्हणून मी गाडी एकदा चालू झाली की बंदच करत नसे. चहा घेतानाही खाली इंजिन धडधडत असायचं आणि टपरीवरचे टोमणे मारायचे, “नेते, पेट्रोलची विहीर लागली का घरी?” पण कुणाला ‘एक किक मारा’ म्हणताना आपलंच पत्रक आपण फाडतोय असं वाटायचं. म्हणून मी विनंती करत नसे. हुकूम सोडायचो. बरेच जण ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, आणि मग मी अजून चिडायचो.

उमरीच्या पुढं आमचं गाव. तिथं दर चैत्रात सप्ताह बसतो. सात दिवस रात्रंदिवस नामस्मरण, आणि तेवढे दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकानं गळ्यात घेऊन उभं राहायचं, त्याची वेळ झाली की दुसऱ्यानं घ्यायची. याला पहारा म्हणतात. लहानपणापासून मंडपाच्या कडेला बसून टाळ वाजवला, वीणा मात्र कधी मिळाली नाही. कुबड्या धरल्या तर वीणा धरता येत नाही, आणि कुबड्यांशिवाय मी उभा राहू शकत नाही. मग बसून का नको? हा प्रश्न मी समितीच्या बैठकीत विचारला. आमच्या गावात वीणेच्या बाबतीत शेवटचा शब्द गणपत आबांचा. अख्खं आयुष्य त्यांनी पहारे केलेले. ते म्हणाले, “वीणा उभ्यानंच धरायची असती. बसून धरायला ती काय तंबाखूची चंची हाय?” सगळे हसले. मी दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं, ‘उभं राहता येतं त्यांचाच विठ्ठल आहे का?’, आणि देवळाच्या पायरीशी गाडी लावून वाटलं. लई बोंबाबोंब झाली. शेवटी तरुण पोरं माझ्या बाजूनं बोलली आणि एक पहारा मिळाला. कुठला? जेवणानंतरचा, भर उन्हातला, अर्धा मंडप घोरत असतो तो. माझ्या आधीचा पहारा आबांचाच. वेळेवर पोचलो नाही तर पुढच्या वर्षी मला काय, माझ्यासारख्या कुणालाच वीणेजवळ फिरकू देणार नाहीत, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी गाडी पहिल्या दाबात चालू झाली. मला बरं वाटण्याऐवजी शंकाच आली. भोकर मागं पडलं, चढ लागला, आणि एका खड्ड्यातून वर येताना गचका बसून इंजिन बंद पडलं. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, ठोकलं, शिव्या घातल्या. चुलतभावाला फोन लावला, पण मंडपातल्या भोंग्यापुढं कुणाला फोन ऐकू येतो? ऊन डोक्यावर. हात दाखवला तर दुचाकीवाले उलटा हात दाखवून गेले. एक जीप हळू झाली. आतल्या माणसानं माझ्या कुबड्या पाहिल्या, मला हात जोडले आणि निघून गेला. हात जोडायला वेळ होता, पाय खाली टाकायला नव्हता. मी विठ्ठलालाही सोडलं नाही. तुझ्याच दारात यायला निघालोय, म्हटलं, आणि तूच चेष्टा करून राहिलास?

पत्रकात कितीही मोठं लिहिलं तरी भर रस्त्यात बंद गाडीवर बसलेल्या माणसाला उतरताही येत नाही आणि बसवतही नाही. घड्याळ बघायचं नाही ठरवून मी सारखा घड्याळच बघत होतो.

समोरून एक बाई डोक्यावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भला मोठा भारा घेऊन येत होती. वयानं माझ्या आईएवढी. मी हाकही मारली नव्हती. ती थांबली, भारा रस्त्याच्या कडेला धप्पकन टाकला आणि म्हणाली, “काय झालं रे बाबा?” मी सांगितलं. पहाऱ्याचंही सांगितलं, का ते माहीत नाही. किक दाखवली तशी ती दचकली.

“लाथ मारायची? गाडीला? अन् देवाला चाललास म्हणतूस.”

तिनं चपला काढल्या. सीटला हात लावून कपाळाला लावला, आणि मग अनवाणी पायानं किक दाबली. पाय सटकला. पुन्हा मारली, पुन्हा सटकला. मी म्हटलं, मारा मावशी, जोरात मारा. ती हसायला लागली. “जन्मात पैल्यांदा लाथ घालून राहिले, अन् हा म्हणतो अजून घाल.” पदर खोचून तिनं पुन्हा मारली आणि इंजिन धरलं. मी घाईघाईनं आभार मानले, आणि तेव्हा कुठं माझं त्या भाऱ्याकडं लक्ष गेलं. असा भारा खाली टाकला की एकट्याला पुन्हा डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्यानं हात लावावा लागतो. हे तिला टाकतानाच माहीत होतं. मी तर गाडीवरून उतरूही शकत नव्हतो.

“मावशी, उचलून कोण देणार?”

“येईल कोणीतरी. तू जा, तिकडं माणूस उभं असंल.”

मी गेलो. मागं वळून पाहिलं तेव्हा ती भाऱ्यावर बसून पायाची पोटरी चोळत होती.

मंडपाशी पोचेपर्यंत वेळ कधीच टळून गेली होती. मनात नवं पत्रक तयार होतं, आबांच्या नावानं. चुलतभाऊ धावत आला, मला उतरवताना कानात म्हणाला, “कितीजण वीणा घ्यायला गेले, आबा देईनात. ‘पहारा त्याचा हाय, येईल तो,’ एवढंच म्हणायलेत.” आबा उभे होते. सदरा घामानं अंगाला चिकटला होता. मला खुर्चीवर बसवलं. आबांनी वीणा स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. वीणा देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं, अशी रीत आहे. मी वाकलो, हात पोचेना. तेवढ्यात आबाच खाली बसले. माझ्या पायांकडं लोक बघायचं टाळतात, मीही टाळतो. ते मागं ओढून घ्यावेत असं वाटलं, पण ते माझं ऐकत नाहीत. आबांनी त्यांच्यावर डोकं ठेवलं.

“आबा, नका,” मी म्हणालो.

“गप. हे तुजे न्हाईत आता. विणेकऱ्याचे हाईत.” मग उठता उठता पुटपुटले, “अन् ताठ बस. पेंगलास तर बघ.”

बाहेर माझी गाडी मी चालूच ठेवली होती. आवाजाचा त्रास होतो म्हणून कुणीतरी किल्ली फिरवली आणि धडधड थांबली. एरवी मी ओरडलो असतो. आता दोन्ही हात वीणेवर होते. तार छेडत राहिलो. इतकी वर्षं वीणा हातात आली की काय मागायचं हे मी ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. अख्खा पहारा एकच मागत होतो, त्या रस्त्यानं कुणाला तरी पाठव, तिच्या भाऱ्याला हात लावू दे.

कोणी गेलं का, मला कळलं नाही. परतताना तिथं भारा नव्हता, बाईही नव्हती. याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. बटण अजून तसंच आहे, पत्रकंही अजून निघतात, आणि रस्ता मागायचं मी सोडलेलं नाही. पण माणसाला हाक मारताना आता मान ताठ ठेवावी लागत नाही. पांडुरंगा, मी हक्कानं पहारा मागितला होता, तो मिळाला. मी येईन असं धरून कुणी उभं राहावं, हे मात्र मी मागितलं नव्हतं. तेवढ्यासाठी तुझ्यापुढं वाकतो, जमेल तेवढा, बसल्या जागेवरून.