शेळ्यांनी पास केलेली झाडं

बीडमध्ये कुणाला मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नर्सरी हाय का तुमची?" पहिली काही वर्षं मी समजावून सांगायचे. आता "हो, तसंच काहीसं" म्हणते आणि मोकळी होते. आमचा स्टुडिओ म्हणजे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि आम्ही तिघी. मंगल कार्यालयांच्या हिरवळी आम्ही भरपूर केल्या, माजलगावकडे एका बंगल्याची बाग केली, एका शाळेचं अंगण केलं. यंदा बक्षीस मात्र मिळालं ते टेकडीच्या कामाला. या कामात जे खरं घडलं ते बक्षिसाच्या अर्जात नाही.

कपिलधारच्या बाजूला एक गाव आहे. गावाच्या पाठीला उघडी टेकडी. पंचायतीला तिथे सावली हवी होती, संध्याकाळी फिरायला वाट हवी होती. सरपंच म्हणाले, "पैलं तारेचं कुंपण घाला मॅडम, मग झाडाचं बगा." मला कुंपणांचा मनापासून राग आहे. सगळ्यांची जागा करायची आणि तिला काटेरी तार लावायची, हे मला पटत नाही. मी हट्टाने तार टाळली आणि पावसाळ्यात कडुनिंब, आपटा, कांचन अशी रोपं लावून घेतली.

दिवाळीनंतर जाऊन बघते तर नुसत्या काड्या उभ्या. अंगाची लाहीलाही झाली. खालच्या दगडावर एक म्हातारी बसली होती आणि तिच्या नऊ शेळ्या माझ्या वाटेवरून फिरत होत्या.

"मावशी, ही झाडं तुमच्या शेळ्यांनी खाल्ली का?"

"मग काय म्या खाल्ली?" ती म्हणाली. "आपटा, कांचन... समदं त्यांच्या आवडीचं वाढून ठिवलं, अन् वर भांडायला आल्या व्हय?"

तिचं खरं होतं. कांचनाचा पाला शेळीला किती आवडतो हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

सरपंचांनी मात्र आता पक्कं ठरवलं. तार लावायचीच, नाहीतर काम बंद. मावशीच्या कानावर ते गेलंच होतं. तिच्या घरात दुसरं कुणी नाही, जमीन नाही. नऊ शेळ्यांवर तिचं चालतं. चहूकडची रानं पेरलेली, मोकळी उरली ती एवढीच टेकडी. "तार लागली तर मी ह्यांना कुठं न्यायचं?" तिने मला विचारलं. चिडून नाही, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

मी तिच्या शेजारी बसून टेकडी बघत राहिले. तेव्हा लक्षात आलं, की सगळंच काही खाल्लेलं नाही. तरवडाला पिवळी फुलं होती. ओढ्याच्या कडेला निरगुडी माजली होती. कपारीत कुणी न लावलेली सीताफळं चांगली हिरवीगार होती.

"ह्याला कावून तोंड लावत न्हाईत?" मीही तिच्यासारखीच बोलायला लागले होते.

"म्या कवा इचारलं न्हाई त्यांना," मावशी म्हणाली.

त्या उत्तराने मला चैन पडेना. घरी जाता जाता ठरवलं, की मग शेळ्यांनाच विचारायचं. बीडला आमचे रोपंवाले चाचा आहेत. त्यांच्याकडून वीसेक जातींची रोपं मागितली आणि कशाला ते सांगितलं. ते पोट धरून हसले. "बकरी कू पूछ के झाड लगाते क्या म्याडम?" पण रोपं दिली, वर दोन जास्तीची घातली.

मी लगेच रोपं मांडणार होते, तर मावशीने अडवलं. "आता न्हाई. आता रानात पाला हाय, पोट भरलेलं हाय. चैतात आना. उपाशी असल्यावर जे खात न्हाईत ते खरं." एवढी साधी गोष्ट, पण माझ्या डोक्यात आली नव्हती. सरपंचांच्या हातापाया पडून मी चैत्रापर्यंत मुदत घेतली.

चैत्रात टेकडीवर रोपांची रांग लावली, प्रत्येकापुढे नावाची चिठ्ठी. शेळ्यांनी आधी चिठ्ठ्या खाल्ल्या. मग सगळं पुन्हा वहीत लिहिलं आणि तीन दिवस मी तिथे बसून राहिले. बांबू पहिल्याच तासात गेला. कडुनिंबाचं कडू कडू म्हणतो आपण, तो त्यांनी मिटक्या मारत संपवला. सीताफळ, तरवड, निरगुडी जशीच्या तशी. करंजाचा शेंडा तिसऱ्या दिवशी एकीने कुरतडला. मी 'नापास' लिहायला लागले तर मावशी घाईने म्हणाली, "ती एक लई हावरट हाय. तिचं धरू नगा." करंज पास झाला. इतकी मजा मला कुठल्याच कामात आली नव्हती.

सरपंचांकडून आणखी एका पावसाळ्याची मुदत मागून घेतली आणि पास झालेलीच झाडं लावली, तारेशिवाय. शेळ्या मधलं गवत खात फिरत राहिल्या आणि झाडं जगली. दोन वर्षांनी टेकडी ओळखू येईना. अर्जासाठी फोटो काढायला मी भल्या सकाळी गेले. उतारावर कोवळं ऊन होतं आणि बरोबर मध्ये शेळ्या. मी म्हणाले, "मावशी, दहा मिनिटं ह्यांना खाली घ्या, फोटो घ्यायचाय." तिने घेतल्या. फोटो फार सुंदर आला.

बक्षीस मिळाल्यावर पंचायतीने तो मोठा करून भिंतीवर लावला. महिन्याभरात ग्रामसभेचं बोलावणं आलं. सत्कार असेल म्हणून मी साडी नेसून गेले. सत्कार झाला, आणि लगेच पुढचा विषय आला तो टेकडीला तार लावण्याचा. एवढी नावाजलेली जागा, बाहेरगावची माणसं बघायला येतात, वाटेवर लेंड्या पडतात. सरपंच फोटोकडे हात करून म्हणाले, "ह्येच्यात एक तरी शेळी दिसती का? मॅडमनी आशीच केलती टेकडी."

मी तशीच उठून उभी राहिले आणि सांगितलं, की तिथे शेळ्या होत्या. फोटोसाठी मी त्या हाकलायला लावल्या. शेळ्यांनी निवडलेलीच झाडं तिथे जगली आहेत, आणि हे मी अर्जात लिहिलं नाही, कारण मोठ्या शहरातली परीक्षक मंडळी हसतील अशी भीती वाटली. चूक माझी आहे. कुणीतरी मागे बायकांत बसलेल्या मावशीकडे वळून विचारलं, "खरं हाय का गं, म्हातारे?"

मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "व्हय, म्याच हाकलल्या. दहा मिन्टासाठी हाकलल्या व्हत्या. जलमभरासाठी न्हाई."

कुणी हसलं नाही. सरपंचांनी कागद चाळले आणि हा विषय पुढच्या सभेत घेऊ म्हणाले. पुढच्या सभेत तो येणार हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. निघताना मी ग्रामसेवकांकडून त्या सभेची तारीख लिहून घेतली.