आसगावचा पडदा

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडील कामगार सभांची पत्रकं आणायचे आणि मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवायची. पुढे भंडाऱ्यातल्या दोन खोल्यांच्या कलासंग्रहालयाचं मासिक पत्रक लिहायचं काम मिळालं, तेव्हा मला वाटलं, आता क्रांतीला फारसा वेळ लागणार नाही.

संग्रहालयाचे प्रमुख पुण्याकडून आलेले निवृत्त चित्रकला शिक्षक होते. त्या दिवाळीत गावोगावच्या नाटक मंडळांचे रंगवलेले पडदे मागवून प्रदर्शन भरवायचं त्यांनी ठरवलं. सर्वांत मोठा होता आसगावचा राजवाडा. तो पडदा एका शेतकऱ्याने स्वतः रंगवला होता. त्या एकाच पडद्याने पूर्ण भिंत भरली.

मी पत्रक लिहिलं : ‘कला जनतेची आहे. या, आपली कला ताब्यात घ्या!’ सरांनी माझी तीन उद्गारचिन्हं खोडून एकच ठेवलं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे एक दिवसाची जत्रा, भरते आणि मंडईत नाटक असतंच, हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सरांना ते माहीत नसेल, पण मला तर होतं! त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला, आगामी कार्यक्रमांत, आसगावच्या मंडईची तारीख मीच छापली होती. तीच तारीख आमच्या उद्घाटनाची.

उद्घाटन अकराला होतं. नऊ वाजता तो शेतकरी दोन माणसं घेऊन दारात उभा.

“पडदा काढा, मास्तर. आज आमची मंडई हाये.”

“अहो, पण पाहुणे येतायत,” सर म्हणाले.

“मंग त्यायलेबी घेऊन या आसगावले.”

मी मध्ये पडले. “काकाजी, उद्या नेला तर नाही का चालणार?”

“आन आज राजानं का धानाच्या बांधीत उभं राहून बोलावं?” त्यांनी बंडीच्या खिशातून माझं पत्रक काढलं. “हे तूच लिवलं ना, बेटी? नातीनं वाचून दाखवलं मले. आपली कला ताब्यात घ्या म्हणते. घेऊन राहिलो तं आता काहून अडवून राहिली?”

सर माझ्याकडे बघत मिशीत हसले. “बोला, आता तुमची काय भूमिका?”

मुख्य भिंतच रिकामी झाली तर प्रदर्शनात दाखवायचं काय, आणि नाही म्हणावं तर माझा शब्द खोटा. मी शिडी आणली. पडदा बांबूला गुंडाळून एसटीच्या टपावर चढला. आम्ही दाराला पाटी लावली : ‘प्रदर्शन आज आसगावच्या मंडईत.’

अकराला आलेले प्रमुख पाहुणे पाटी वाचून जीपकडे वळले. मग म्हणाले, “चला, जीपमध्ये बसा. मीही कितीतरी वर्षांत मंडई पाहिली नाही.”

दुपारी आसगावात, मिठाईच्या आणि बांगड्यांच्या दुकानांमागे, मांडवात पडदा टांगलेला होता. संग्रहालयात महिनाभरात येत नसतील एवढी माणसं समोर बसली होती. तिथे मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. राजवाड्याच्या सोनेरी खांबांमधून थेट पिकलेलं धान दिसत होतं.

“काकाजी, राजवाड्यात धान कसं?” मी विचारलं.

“काहून? राजा जेवत नाही का?”

सगळा मांडव हसला. सर सगळ्यांत मोठ्याने. मग पाहुण्यांनी तिथेच उभं राहून प्रदर्शनाचं उद्घाटन झाल्याचं जाहीर केलं.