मारोतीच्या हनुवटीचा रंग

“हे कोण हाय?” सीमानं विचारलं.

स्क्रीनवर तिचा बाप होता. मारोती. डोक्याला पिवळा पटका, खांद्यावर घोंगडी, मिशीत पांढरे केस.

“कोण म्हणजे? तुझे दादा,” मी म्हणाले.

“दादावानी दिसून राहिलं. पण दादा न्हाईत.”

असं कुणी म्हणालं की माझं डोकं सटकतं. डोळे फुटेस्तोवर काम करायचं, पटक्याची घडी न् घडी काढायची, आणि गिऱ्हाइकानं म्हणायचं, हे कोण हाय! तरी मी तोंड आवरलं. पोरीचं लग्न तोंडावर आलेलं होतं.

“गप बस सीमे,” तिचे थोरले चुलते नागोराव म्हणाले. ते मात्र खूश होते. “आपा, झकास काढलंत. आता काही हात लावू नका. पाठवून द्या प्रिंटला.”

सीमाची आई गंगाबाई स्टुलावर बसली होती. पदर तोंडाला लावलेला.

माझं दुकान हिंगोलीत एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत आहे. अब्बा साइनबोर्ड रंगवायचे. मी डिजिटल पेंटिंग करते. म्हणजे टेबलावर पाटीसारखा एक पेन टॅबलेट असतो, त्यावर पेन फिरवायचा आणि रंग कॉम्प्युटरवर उमटतो. अब्बांचे हात रंगानं भरलेले असायचे, माझी नुसती मान दुखते. माझ्याकडं जास्त करून गेलेल्या माणसांचं काम येतं. लोक एखादा जुनापाना फोटो आणतात, त्यावरून मी मोठं चित्र करते, ते कॅनव्हासवर छापून फ्रेम होतं.

आमच्या भागात पोरीच्या लग्नात बाप हयात नसला की मांडवात त्याची खुर्ची ठेवतात. खुर्चीवर तसबीर, तसबिरीला हार. नवरी आधी तिथं पाया पडते, मग बोहल्यावर चढते. सीमासाठी काढलेली तसबीर त्याच खुर्चीसाठी होती. ही माणसं डोंगरकडा गावाकडची, मेंढरं राखणारी. त्या दिवशी बस्ता होता, म्हणजे दोन्हीकडचे सोयरे मिळून लग्नाची कापडं घ्यायला हिंगोलीत आले होते. बाकीची मंडळी बाजारात कापडाच्या दुकानात बसली होती. हे तिघं तेवढ्यात माझ्याकडं चित्र पास करायला आले होते, कारण संध्याकाळी फाईल प्रिंटला जायची होती.

सीमा पुढं आली. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत, डाव्या अंगाला.

“हितलं कोड कुठं गेलं?”

नागोराव उठले आणि त्यांनी दुकानाचा काचेचा दरवाजा लावून घेतला.

काय झालं ते सांगते. मारोतीचा एकच धड फोटो होता, तोही लॅमिनेशन केलेला. लॅमिनेशनच्या आत पाणी शिरलं की फोटोला पांढरे चट्टे पडतात. ह्या फोटोला कपाळावर चट्टा, कानावर चट्टा, पटक्यावर चट्टे. मी पहिल्यांदा चट्टेच साफ करते. फोटो उडालेला, त्यामुळं कातडीचा रंगही भरवशाचा नव्हता. मग मी नागोरावांचा हात उन्हात धरून मोबाईलवर फोटो काढला होता. सख्खा भाऊ, सारखंच ऊन खाल्लेला. त्या हातावरून आयड्रॉपरनं रंग घेतला. आयड्रॉपर म्हणजे पेनाचं टोक चित्रात कुठंही टेकवायचं, तिथला रंग तो उचलून देतो. तोच रंग मी सगळ्या चट्ट्यांवरून फिरवला. हनुवटीवरचा चट्टा फोटोचा नव्हता, माणसाचा होता, हे मला कुणी सांगितलंच नाही.

“तुमी का बोलला न्हाईत मला?” मी नागोरावांना विचारलं.

“आपा, आमाला तर वाटलं तुमी समजून उमजून काढलं. बराबरच केलं.”

“बापू, काहून बराबर?” सीमाचा आवाज चढला. “मी पाया कोनाच्या पडू? दादाच्या का तुमच्या हाताच्या रंगाच्या?”

“हळू बोल! सोयरे बाजारात हायेत.” नागोराव माझ्याकडं वळले. “आपा, तुमाला सांगतो. हिची एक सोयरीक ह्याच्याच पायी मोडली. पोरगी पसंत, घर पसंत. आन् कोनीतरी जाऊन सांगितलं, बापाला कोड व्हतं, उद्या पोरीला निघल. झालं, दुसऱ्या दिवशी निरोप. मारोती जित्ता व्हता तवा. त्यानंतर त्यो घराबाहेर रुमाल बांधल्याबिगर निघाला न्हाई. आता ह्या पाव्हन्यांना म्हाईत न्हाई. मांडवात समद्या गावासमोर खुर्चीवर ठिवू का ते?”

मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगते, राग धरवतही नव्हता. बापाला कोड होतं म्हणून पोरीला निघतंच असं नाही, हे मी सांगून काय उपयोग? मोडलेली सोयरीक ह्यांनी बघितली होती, मी नव्हती बघितली.

“गंगाबाई, तुमी सांगा. माणूस तुमचा होता.”

गंगाबाईनं डोळे पुसले. “मला काय इचारता आपा. मला तर तोंड बी पाहिजे आन् पोरीचं लगीन बी पाहिजे.”

मग सीमा मला म्हणाली, “मला एकदा दादा बघू द्या. मग बापू म्हनतील तसं करा.”

नागोरावांनी हात झटकला. “बघ बाई. पन लवकर.”

मी नवी लेयर उघडली. लेयर म्हणजे चित्रावर ठेवलेला पारदर्शक कागद समजा. त्यावर काहीही रंगवलं तरी खालचं चित्र जसंच्या तसं राहतं. बाजूला डोळ्याचं छोटं बटण असतं. ते दाबलं की लेयर गायब, परत दाबलं की हजर. त्या लेयरवर मी ओठाखाली पांढरा रंग भरला.

“चुना लागल्यावानी दिसून राहिलं,” सीमा म्हणाली.

खरं होतं. मी रंगाचं चक्र उघडलं. ॲपमध्ये एका रंगाला तीन सरकत्या पट्ट्या असतात. ह्यू म्हणजे रंग कोणत्या जातीचा, तांबडा की पिवळा की निळा. सॅच्युरेशन म्हणजे तो किती दाट. आणि ब्राइटनेस म्हणजे किती उजेड. मी उजेड कमी केला, तर चट्टा राखाडी पडला. पिवळ्याकडं सरकवला, तर पू धरल्यासारखा दिसायला लागला. जुन्या फोटोवर आयड्रॉपर टेकवून बघितला, त्यानं मेलेला करडा रंग काढून दिला. तौबा! मी अनडू करत होते, म्हणजे भरलेलं पुसत होते, परत भरत होते, परत अनडू करत होते.

“कसला होता गं रंग? नीट सांग.”

“पांढराच व्हता,” सीमा म्हणाली. “पन असा नव्हता.”

“असा नव्हता म्हणजे कसा?”

“मला सांगता येईना.” ती स्क्रीनजवळ वाकली. “रोज बघायचे न् मला सांगता येईना.”

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर पांढरा सदरा, हातात कापडाची पिशवी, उंच माणूस. नागोरावांचं तोंड उतरलं.

“मल्हारी पाव्हने! आपा, बंद करा ते. बंद करा!”

मल्हारी म्हणजे सीमाचे होणारे सासरे, आमच्या हिंगोलीजवळच्या गोरेगावकडचे. मी डोळ्याचं बटण दाबलं. चट्टा गेला. नागोरावांनी हसत दार उघडलं.

“या पाव्हनं, या. इकडं कसं काय?”

“तुमी दिसंनात. लेकराची साडी काढायची आन् लेकरूच न्हाई. कोनीतरी म्हनलं, आपाच्या दुकानी गेले.”

ते बसले. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि तांब्याच्या कडेवरून त्यांची नजर स्क्रीनवर गेली. तांब्या खाली आला. ते बघत राहिले. बराच वेळ. गंगाबाईनं पदर घट्ट धरला होता.

“आमचा मारोती,” नागोराव म्हणाले.

“हूं,” मल्हारी म्हणाले. “चांगला काढला.”

नागोरावांनी सुटकेचा श्वास सोडला. मला वाटलं, संपलं. आता हीच फाईल जाणार. मी सेव्ह करायला पेन उचलला.

“मामा,” सीमा म्हणाली.

“सीमे!” नागोराव ओरडले.

ती थांबली नाही. “मामा, हे खोटं हाय. माझ्या दादाला कोड व्हतं. व्हटाखाली, हनुवटीवर. एक सोयरीक त्याच्यापायी मोडलेली हाय माझी. तुमाला मोडायची असल तर आज मोडा. बस्ता अजून फाडला न्हाई. मांडवात आल्यावर नका मोडू.”

नागोरावांनी दरवाजा परत लावून घेतला. गंगाबाईनं सीमाचं मनगट पकडलं होतं, तिला मागं ओढत होती की धीर देत होती, तिचं तिला माहीत. माझ्या हातातला पेन हवेतच. मल्हारींनी हातातला तांब्या बाजूला ठेवला.

शेवटी ते मला म्हणाले, “आपा, कोडाचा फोटू हाय का?”

“आहे. ह्यातच आहे.”

“दाखवा.”

मी नागोरावांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातलेली. मी डोळ्याचं बटण दाबलं. पांढरा चट्टा परत आला.

मल्हारी खुर्ची ओढून अगदी स्क्रीनसमोर आले. डोळे बारीक केले. आणि म्हणाले, “रंग चुकलाय.”

“काय?”

“ह्यो रंग न्हाई. पांढरं फट्ट नव्हतं ते. मारोती उन्हातला मानूस. उन्हात ते लाल पडायचं. लाल म्हंजे असं बगा, लहान लेकराचा तळपाय असतो ना, तसं.”

मग नागोरावांनी हळूच मान वर केली.

“पाव्हनं, तुमाला कसं ठावं?”

“आता घ्या! मी बैठकीत म्हनलं न्हाई का, मारोतीला मी ओळखत व्हतो म्हनून?”

“बैठकीत समदेच म्हनतात तसं.”

“कैक साल बाजारात मेंढे घेतले मी त्याच्याकडून. आमच्या घरी जेवून गेलाय त्यो. घरधनीन बी ओळखती.”

“पन त्यो तर तोंडाला रुमाल बांधायचा बाहेर!”

मल्हारी हसले. “बापू, तुमी शेती बघता, मेंढराच्या बाजारात कदी आला न्हाईत. सौदा कसा व्हतो आमचा? दोघांचे हात रुमालाखाली घालून, बोटं धरून. बाकीच्यांना भाव कळू ने म्हनून. रुमाल कुठला घ्यायचा? तोंडाचाच सोडायचा आन् हातावर टाकायचा. माझ्याशी बोटं धरून उन्हात उभा ऱ्हायचा त्यो. भाव उतरंना की मी त्याच्या तोंडाकडंच बघायचो ना.”

“मग तुमी बोलला काहून न्हाईत?” गंगाबाईनं विचारलं. एवढ्या वेळात तिचा तो पहिला सरळ आवाज.

“तुमी झाकलं, म्हनलं तुमच्या मनात सांगायचं न्हाई. गेलेल्या मानसाचं मी काहून उघडं करू? आत्ता बी फोटू बघितला, म्हनलं ह्यांना असाच पाहिजे असल.” ते सीमाकडं वळले. “पोरी, मारोतीची लेक म्हनून मागनी घातली मी. बाकी कशापायी न्हाई.”

सीमा रडायला लागली. मी रडणाऱ्या माणसांत बसू शकत नाही, मला काम लागतं. मी रंगाचं चक्र पुढ्यात घेतलं. ह्यू तांबड्याकडं नेला, सॅच्युरेशन थोडंसं चढवलं, उजेड एक पायरी खाली आणला. बघता बघता ते गुलाबी झालं. मग चट्ट्याच्या कडा. कोडाच्या कडेला कातडी जरा जास्त काळसर असते, ते मला मल्हारींनीच सांगितलं. तिथं पुन्हा नागोरावांच्या हाताचा रंग घेतला आणि एक छटा गडद केला. मी पेन ठेवला.

“हां,” मल्हारी म्हणाले. “ह्यो मारोती. आता भाव सांगल.”

गंगाबाई स्टुलावरून उठली आणि स्क्रीनच्या समोर येऊन उभी राहिली. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, नवरा समोर आल्यावर घेतात तसा.

नागोराव सगळ्यात मागं होते. ते पुढं आले तेव्हा मला वाटलं, आता काही खोट काढतात. तर ते एवढंच म्हणाले, “आपा, पाठवा प्रिंटला.” आणि डोळे पुसत बाहेर गेले.

लग्नाला मी गेले होते. मांडवात खुर्ची होती, खुर्चीवर तसबीर. हार घालताना फुलं हनुवटीवर आली होती. नागोरावांनीच जाऊन हार खाली सरकवला. त्यानंतर सीमा पाया पडली.

माझ्यापुरतं म्हणाल तर कामाची एक पद्धत बदलली. आता फोटो हातात आला की मी रंगाला हात लावायच्या आधी विचारते, हा डाग फोटोचा का माणसाचा? काही गिऱ्हाईकं चिडतात. चिडू द्या.