भाऊंचा कॉम्प्युटर मी सुधारला, त्याची गोष्ट

परवाच्या रविवारी औंढ्याच्या विहारात मावशींच्या पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम झाला. मी सगळ्यात मागे, दाराशी काढलेल्या चपलांजवळ बसलो होतो... मुद्दामच.

मावशी म्हणजे किसनभाऊंच्या पत्नी. भाऊ आणि माझे वडील रेल्वेत एकाच गँगमध्ये होते, रुळांवरची नोकरी. मी लोणावळ्यात राहतो, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाचंही मशीन अडलं की पहिला फोन मलाच येतो.

माझं वेड तर तुम्हाला माहीतच आहे. पायरेटेड, म्हणजे चोरीची सिस्टिम दिसली की माझं डोकं फिरतं. ऐन कामात सुरू होणारे अपडेट, न विचारता येऊन बसणाऱ्या जाहिराती... यावर मी इथे किती पोस्टी पाडल्यात! लग्नाच्या पंगतीतही हा माणूस जिलबीऐवजी लिनक्स वाढेल, असं बायको म्हणते.

तर कार्यक्रमाच्या पाच दिवस आधी भाऊंचा फोन आला. प्रिंटर चालत नव्हता. एवढंच.

मावशी गाणी रचायच्या. भीमाची, बुद्धाची, भातलावणीची, लेकीला शाळेत धाडल्याची. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून रिटायर झाल्यावर भाऊंनी जुना कॉम्प्युटर घेतला. त्या शेजारी बसून गायच्या आणि भाऊ दोन बोटांनी टाइप करायचे. चार वर्षांत बासष्ट गाणी झाली. वही कधी केलीच नाही, सगळं थेट मशीनमध्ये. आता त्याची पुस्तिका छापून स्मृतिदिनाला वाटायची होती.

मी गेलो, मशीन चालू केलं. सुरू व्हायलाच सात-आठ मिनिटं... व्हायरस, पायरेटेड सिस्टिम, सगळं जुनंपानं. प्रिंटर राहिला बाजूला. म्हटलं, भाऊ, हे सगळं काढून नवीन टाकतो, बघा कसं पळतं ते.

"आरं, चाललंय की बरं," भाऊ म्हणाले. "आन् त्यात हिची गाणी हायेत बग."

"भाऊ, फाइल्स कुठे जात नाहीत. मी आहे ना!" असं म्हणालो मी. पेन ड्राइव्हवर एकूण एक फाइल घेतली, दोनदा तपासली आणि मग डिस्क फॉरमॅट करून, म्हणजे पार पुसून, लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकली. मशीन खरंच पळायला लागलं. मी भाऊंकडे बघून हसलोसुद्धा.

मग पहिली फाइल उघडली... आणि पडद्यावर मराठीचं एक अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, टोपी घातलेले ओ. युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणारं टायपिंग, येण्याआधीच्या काळातला मराठी फॉन्ट होता तो. अशा फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी कपडे चढवतो. फाइल्स सगळ्या शाबूत होत्या. फॉन्ट मात्र मी पुसून टाकला होता.

कमेंटमध्ये जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर सुचवू नका, सगळे करून झाले. हा फॉन्ट तळेगावच्या एका डीटीपीवाल्याने स्वतःच्या सोयीने बदललेला होता, कन्व्हर्टर त्याचा आणखीच चिवडा करत होते. ते दुकान कधीच बंद पडलंय, मालकाचा पत्ता कुणाला नाही. डिस्क रिकव्हरीतून फॉन्टचे तुटके तुकडे तेवढे निघाले. आठवीतल्या पोरालाही कळावं की फाइलबरोबर फॉन्ट घ्यायचा असतो... आणि मी बारा वर्षं याच धंद्यात आहे.

भाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा चढवला आणि पडद्याला नाक लावून बसले. मग एकेका अक्षरावर बोट ठेवत हळूहळू वाचायला लागले... "दिव्याखाली लेक वाचते, मी ऐकते चुलीपाशी..."

मी बघतच राहिलो. कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर येतं, हे चार वर्षांत त्यांच्या बोटांना पाठ झालं होतं. "म्या काय विंग्रजी वाचत न्हाई," भाऊ म्हणाले. "बटनं वाचतुया."

मी सुट्टी टाकली. आधी त्यांच्याकडून अक्षरांचा तक्ता करून घ्यायला गेलो, पण सुटं अक्षर विचारलं की त्यांना आठवेना, गाण्याच्या ओळीत आलं तरच बोटाला कळायचं. चार दिवस ते वाचत होते आणि मी नव्याने टाइप करत होतो. पण त्यांचे डोळे लवकर थकायचे. आणि खरं सांगायचं तर दर गाण्यानंतर ते शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसायचे. लवकर करू या, असं कुठल्या तोंडाने म्हणणार होतो मी?

अकरा गाणी झाली. पुस्तिका राहिली, झेरॉक्सची चार पानं स्टेपल करून वाटली. विहारात बायांनी ती अकराच्या अकरा गायली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "लावणीचं कुटं गेलं गं? लय ग्वाड व्हतं त्ये." मी ऐकलं आणि मान खाली घातली. उरलेली आम्ही रविवारी रविवारी करतोय, होतीलही. पण तो दिवस काही परत येणार नाही.

आदल्या दिवशी शेवटच्या पानाखाली भाऊंनी मला एक ओळ टाइप करायला लावली होती. "ही गाणी लिहून काढायला संदीपची लय मदत झाली." मी म्हटलं, भाऊ, हे नको. पाया पडतो, पण हे नको.

"का? खोटं हाय का त्ये?" एवढंच म्हणाले. मी ती ओळ तशीच ठेवली.

कार्यक्रम संपल्यावर लोक ती ओळ वाचून माझ्याकडे येत होते, पाठीवर हात ठेवत होते. अकरा गाण्यांखाली माझं नाव आहे. एक्कावन्न माझ्यामुळे तिथे नव्हती, हे त्या अख्ख्या विहारात फक्त भाऊंना आणि मला ठाऊक होतं... आता तुम्हालाही.