तंबूतल्या खेळांवर जगलेली राई

म्युनिसिपालिटीच्या सभागृहात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा सगळे सभासद उठून उभे राहिले. बाई सभासद म्हणून आली तर काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी बसल्यावरही दोघेतिघे उभेच होते. शेवटी अध्यक्षांनी हाताने खूण केली तेव्हा ते बसले.

मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेत शिकवत असे. त्या वर्षी म्युनिसिपालिटीवर एका बाईची नेमणूक करायचं ठरलं आणि शिकलेली, धीटपणे बोलणारी म्हणून माझं नाव पुढे आलं. आमचे हे कचेरीत कारकून होते. मी त्यांना विचारलं, "जाऊ का?"

"जा की," ते म्हणाले. "पण नुसतं बसून येऊ नकोस. बसायला घरात पाट आहेत."

पहिले काही महिने मी बसूनच आले. गटारं, दिवाबत्ती, बाजारातली घाण असे विषय चालत आणि माझ्याआधी चौघांचं बोलून झालेलं असे. मग राईचं प्रकरण निघालं.

गावाच्या वरच्या अंगाला, कातळाचा सडा संपून उतार लागतो तिथे एक जुनी राई होती. बेहडे, सातवीण, किंजळ, मध्येच एखादा रायवळ आंबा. जमीन सरकारी. राईच्या पायथ्याशी बारमाही झरा होता आणि खालच्या वाडीचं सगळं पाणी त्यावर चाले. दर माघात मी शाळेच्या मुलींना तिथे वनभोजनाला नेत असे. गावात मुलींना पळायला, ओरडायला दुसरी जागाच नव्हती. मैदान होतं, पण ते पुरुषांचं. तिथे मुलगी धावली असती तर संध्याकाळपर्यंत तिच्या घरी निरोप गेला असता.

राईतल्या सगळ्यांत जुन्या बेहड्याच्या ढोलीत ककणेराची जोडी दरवर्षी घरटं करी. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात. मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट उरते. मग नर दिवसभर फळं आणून तिला भरवतो. एका मुलीने मला विचारलं होतं, "बाई, तिला कोंडून घातलंय का?"

"नाही गं. तिने आपल्या हाताने कडी लावून घेतली आहे. पिल्लू मोठं झालं की तीच उघडेल."

पौषात एके संध्याकाळी हे घरी आले ते टोपी न काढताच ओटीवर बसले. म्हणाले, "कचेरीबाहेर नोटीस लागली आहे. तुझ्या राईचा लिलाव आहे. झाडं तोडून घ्यायची आणि जमिनीचे तुकडे पाडून विकायचे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर गेले. झऱ्यावर वाडीतली एक ओळखीची बाई हंडा भरत होती. आमच्याकडे ती भाजी आणून देई. मी तिला नोटिशीचं सांगितलं. तिने हंडा खाली ठेवला.

"मग आमी पानी खयसून आनू, बाय? तुमी तिथे सभेत बसता ना?"

"बसते."

"मग बोला तिथं."

मी तशीच अध्यक्षांच्या घरी गेले. ते वयस्कर वकील होते, बोलायला सावकाश, पण एकदा पटलं की मागे न फिरणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात कलेक्टरांना अर्ज पाठवला: राई विकू नये, गावाला लोकांच्या उपयोगासाठी द्यावी.

सरकारचं उत्तर आलं ते आमच्या अपेक्षेपेक्षा बरं होतं आणि कठीणही. लिलाव थांबवला होता. जमीन फुकट मिळणार होती. भोवती दगडी गडगा घालायचा त्याचा निम्मा खर्चही सरकार सोसणार होतं. पण अटी होत्या. हिरवं झाड तोडायचं नाही. जागा सर्व लोकांना खुली ठेवायची. आणि तिची राखण करण्यासाठी गावाने कायमचं, दरवर्षी येणारं उत्पन्न दाखवायचं. ते दाखवता आलं नाही तर लिलाव पुन्हा लागणार.

सभेत या शेवटच्या अटीवर सगळे अडले. आमच्यात एक लाकडाचे व्यापारी होते. लिलावात बोली लावायची त्यांनी तयारी केली होती आणि ते लपवतही नव्हते. ते म्हणाले, "जमीन फुकट आहे, राखणदार फुकट नाही. घरपट्टी वाढवणार? वाढवा. पुढच्या निवडणुकीला आपण सगळे आपापल्या घरी बसू."

कुणीतरी वर्गणीचं सुचवलं. अध्यक्ष हसले. "पहिल्या वर्षी लोक घरी बोलावून वर्गणी देतात. दुसऱ्या वर्षी मागणारा दिसला की मागच्या दाराने परसात जातात."

निर्णय पुढच्या सभेवर गेला. मी घरी आले ती हिरमुसूनच. यांनी पाहिलं आणि म्हणाले, "चल, सिनेमाला जाऊ." मैदानावर तंबू लागला होता. बायकांची बाजू कनातीने वेगळी केलेली. मी तिथे बसून पडद्यावरची घोडदौड पाहत होते, पण माझं लक्ष तंबूकडे होतं. माणसं दाटून बसली होती. प्रत्येक खेळामागे हा तंबूवाला म्युनिसिपालिटीला फी भरतो, नाटकवालेही भरतात, हे मला सभेतल्या चर्चेवरून माहीत होतं. परत येताना वाटेतच मी यांना म्हटलं, "लोक करमणुकीला पैसे देतात. त्यातलाच थोडा वाटा करमणुकीच्या जागेला का नको?"

"ती फी दिवाबत्तीला जाते. तिथून काढलीस तर गाव अंधारात बसेल आणि तुझ्या नावाने बोटं मोडेल."

"आहे ती तशीच राहू दे. थोडी वाढवायची, आणि वाढलेली तेवढी राईची. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, असं ठरावातच लिहायचं."

हे म्हणाले, "तंबूवाला पळून जाईल."

"मग आधी त्यालाच विचारते."

तंबूवाला कोल्हापूरकडचा होता. दुपारी मी गेले तेव्हा खारट वाऱ्याने सैल झालेल्या दोऱ्या तो स्वतः ताणून बांधत होता. माझं बोलणं ऐकून त्याने हात पुसले.

"बाईसाहेब, फी वाढवणारे लई बघितले. आधी विचारायला आलेलं कुणी बघितलं न्हाई."

"तुम्हाला परवडेल का, ते सांगा."

"परवडंल. पण मलाबी काहीतरी द्या. दर साली मी येतो आणि जागेसाठी आठ-आठ दिस कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो. तवर माणसांचा पगार चालू, खेळ बंद. दिवाळीनंतर मैदान माझं, एवढं आधीच लिहून द्या. फी खुशीनं भरतो."

मला फार आनंद झाला, पण शिक्षिकेच्या सवयीने मी चेहरा गंभीर ठेवला आणि "सभेपुढे मांडते" म्हणून निघाले. मैदानाच्या कडेला आल्यावर मात्र एकटीच हसले.

सभेच्या आदल्या दिवशी सरकारतर्फे प्रांतसाहेब जागा बघायला आले. सगळे सभासद बरोबर होते. व्यापारी बेहड्याच्या बुंध्यावर थाप मारत म्हणाले, "मास्तरीणबाई, हे लाकूड इथे कुजून जाणार. चार पाखरांसाठी गावाने खर्च करायचा?"

मी उत्तर द्यायच्या आत वरून घरघर ऐकू आली. ककणेर उडताना पंखांचा आवाज असा येतो की नवख्या माणसाला वाटावं, सड्यावरून मोटार येते आहे. प्रांतसाहेबांनी खरंच रस्त्याकडे पाहिलं. नर येऊन ढोलीपाशी बसला. फटीतून मादीची चोच बाहेर आली आणि त्याने घशातून एकेक फळ काढून तिला दिलं. तो उडून जाईपर्यंत सगळे माना वर करून पाहत होते.

"आत कोण आहे?" प्रांतसाहेबांनी हळूच विचारलं.

"बाळंतीण," मी म्हटलं.

व्यापाऱ्यांनी बुंध्यावरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी ठराव मांडला. सभेत उभी राहून मी इतकं बोलण्याची ती पहिलीच वेळ. झऱ्याचं सांगितलं, मुलींचं सांगितलं, फीचा आणि मैदानाचा हिशेब सांगितला. घरपट्टीला धक्का नाही, दिवाबत्तीला धक्का नाही. अध्यक्षांनी मसुदा वाचला आणि एका शब्दावर थांबले.

"'सर्व लोकांना खुली.' बाई, सर्व म्हणजे कोण कोण, हे उद्या लोक विचारतील."

"सर्व म्हणजे सर्व," मी म्हटलं. "झऱ्यासकट."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "असू दे तसंच."

हात वर झाले. मी मोजले नाहीत, मोजायची गरज नव्हती. व्यापाऱ्यांचा हात टेबलावर होता. "मी बाजूने नाही," ते म्हणाले. "पण विरोधातही नाही. तसं लिहून घ्या."

सरकारची मंजुरी आली आणि गडगा चैत्र-वैशाखात उभा राहिला. चिरे जवळच्याच खाणीतले होते. तो चालू असतानाच एके सकाळी बेहड्याची ढोली उघडी दिसली, आणि वरच्या फांदीवर दोन मोठे आणि एक लहान असे तिघे बसले होते. गवंड्यांनी त्या दिवशी काम उशिरा सुरू केलं.

राई खुली झाली त्या दिवशी मी आयुष्यात प्रथम आमच्या गावातल्या बायका उघड्यावर, कुठल्याही देवाच्या निमित्ताशिवाय, नुसत्या मजेसाठी बसलेल्या पाहिल्या. वरच्या आळीतल्या होत्या, मोहल्ल्यातल्या होत्या, वाडीतल्या होत्या. महारवाड्यातल्या शाळेची मुलं रांगेने आली आणि झऱ्यावर ओंजळीने पाणी प्यायली. ते पाहून काहीजणी उठून घरी गेल्या. आमच्या शेजारच्या काकूही उठल्या. मला वाटलं, गेल्या. पण त्या सावली सरकली म्हणून उठल्या होत्या. दुसऱ्या झाडाखाली बसून त्यांनी आपला डबा उघडला. माझ्या शाळेच्या मुली गडग्याच्या कडेने पळत सुटल्या होत्या, लुगड्यांचे काचे मारून, मोठमोठ्याने ओरडत, आणि कुणी कुणाच्या घरी निरोप पाठवला नाही.

पुढच्या दिवाळीनंतर तंबू वेळेवर लागला. त्यामागून एक नाटक कंपनीही आली. राखणदार वाडीतलाच नेमला होता. त्याचा पगार एकाही महिन्याला अडला नाही, आणि उरलेल्यातून झऱ्याला घडीव पायऱ्या झाल्या.

दोनेक वर्षांनी चिपळूणहून तिकडचे काही सभासद राई बघायला आले. त्यांच्याकडेही नदीकाठी अशी एक जागा होती. यांनी त्यांना आमच्याकडेच जेवायला बोलावलं. मी आमटी वाढत असताना त्यांच्यातले वडीलधारे अध्यक्षांना विचारत होते, की सरकारला तुम्ही कसं वळवलंत, पैसा कुठून उभा केलात.

अध्यक्षांनी भात कालवता कालवता माझ्याकडे बोट केलं.

"ते यांना विचारा," ते म्हणाले. "मी फक्त सही केली."

मी पळी पातेल्यात ठेवली, पदराला हात पुसले, आणि त्यांच्या समोरच्या पाटावर बसून पहिल्यापासून सांगायला लागले.