‘कसं झालं?’ या प्रश्नाचे नऊ दिवस

अण्णा गेले तेव्हा घरात मी एकटाच होतो, आणि पुढचे नऊ दिवस घराची सगळ्यात मोठी अडचण हीच होऊन बसली.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते शेती करायचे आणि बोलायचे. शेतीपेक्षा बोलणंच जास्त पिकायचं. कर्जतच्या बाजाराला जाऊन आले, तरी तासभराचा ऐवज घेऊन यायचे. मी त्यांचा एकुलता एक मुलगा आणि कॉलेजात ग्रंथपाल. कथा-कादंबऱ्यांची सात कपाटं माझ्या ताब्यात आहेत. ‘बोलू नका’ ही पाटीही मीच लिहिली आहे. ती मुलांपेक्षा मीच जास्त पाळतो.

आमच्याकडे माणूस गेलं की लोक भेटायला येतात. येतात, बसतात, जमिनीकडे बघतात, बिनदुधाचा चहा घेतात आणि मग एक उसासा सोडून विचारतात, “कसं काय झालं?” हा प्रश्न नसतो. ती मागणी असते. श्रीगोंद्याहून दोन गाड्या बदलून, उसाच्या ट्रॅक्टरमागे तासभर रखडून माणूस आलेला असतो. त्याला सगळं हवं असतं, पहिल्यापासून.

मी सांगायचो, “अकरा वाजून बत्तीस मिनिटांनी. हृदय बंद पडलं.”

संपलं! पाहुणे अजून मांडी नीट घालतच असायचे.

“आजारी हुते का?”

“नाही. शुगर होती, पण ती जुनीच.”

“शेवटचं काई बोलले का?”

“बोलले.”

“काय बोलले?” (सगळे पुढे सरकायचे.)

“आठवत नाही.” (सगळे मागे.)

“जवळ कोन हुतं?”

“मी. आई गिरणीत गेली होती.”

हे वाक्य मी पहिल्या चार दिवसांत किमान चाळीस वेळा म्हणालो असेन. खरं होतं, म्हणून म्हणालो. दाराआड आई बसलेली असायची, आणि दर वेळी ‘गिरणीत’ हा शब्द तिला लागायचा, हे माझ्या ध्यानात आलं नाही. ती रडत नव्हती, बोलत नव्हती. घास पुढे केला तर एवढंच म्हणायची, “पीठ कशाला मळलं? आता कुनाला भाकरी करायची?”

ध्यानात आलं ते सोनाआत्याच्या. अण्णांची ही थोरली बहीण. वय ऐंशी, आवाज अठराचा. तिने मला चुलीपाशी ओढलं.

“मुडद्या!” (सुतकात हा शब्द नको होता, पण सवयीने निघून गेला.) “ती गिरनी काढून टाक त्यातनं!”

“आत्या, पण ती खरंच गिरणीत...”

“खरं काय चाटायचंय? तिच्या तोंडाकडं बघितलं का? तिला वाटतंय, आपुन घरात असतो तर धनी वाचला असता. आन तू दर पाव्हन्याला तेच वाचून दाखवतो. दाखला हायस का मानूस?”

“मग काय सांगू?”

“तू काय सांगतो? तू चहा दे. मी सांगते.”

आणि आत्याने गोष्ट हातात घेतली. स्वयंपाकघरात बायकांना ती सांगू लागली की अण्णांचं डोकं आईच्या मांडीवर होतं, आईने दोन चमचे पाणी पाजलं आणि अण्णा म्हणाले, “पोराला संभाळ.” (मी बावन्न वर्षांचा आहे.) पाचव्या दिवशी अण्णांनी भिंतीवरच्या देवाला हात जोडले. सहाव्या दिवशी देवाच्या तसबिरीवरचं फूल पडलं. सातव्या दिवशी दावणीची गाय हंबरली. आमच्याकडे गाय नाही, शेजाऱ्यांची आहे. पण आत्याने तेवढ्यापुरती ती आमच्या दावणीला आणून बांधली.

घोटाळा असा झाला की पुरुष ओसरीवर माझ्यापाशी बसायचे आणि बायका आत आत्यापाशी. कर्जतचे चुलतभाऊ आणि वहिनी मोटारसायकलवर भेटून निघाले, ते वेशीपर्यंत पोचले आणि परत फिरले! दोघेही तापलेले.

“भाऊ, हिला जरा सांगा. काकू गिरनीत हुत्या का न्हाई?”

“कुठली गिरनी?” वहिनी म्हणाल्या. “मांडीवर डोकं हुतं! पानी पाजलं! फूल पडलं!”

“अगं, भाऊंनी सवताच्या तोंडानं सांगितलं.”

“त्यांना काय म्हाईत? ते पुस्तकात असतील.”

मी चहा आणायला आत गेलो आणि ते जाईपर्यंत बाहेर आलो नाही.

नवव्या दिवशी घर गच्च भरलं होतं. दुसऱ्या दिवशी दशक्रिया, म्हणून लांबची मंडळी मुक्कामालाच आली होती. ओसरी पुरेना, म्हणून बायका-पुरुष एकत्रच माजघरात बसले. आत्या रंगात आली होती. मांडी झाली, पाणी झालं, देवाची तसबीर झाली. “आन तेवढ्यात ते फूल...” एवढं ती म्हणाली आणि दारात भानुदास गिरणीवाला उभा राहिला. हातात पत्र्याचा डबा.

“वैनी, तुमचं दळान ऱ्हायलं हुतं माझ्याकडं. म्हनलं, द्यावं.”

फूल हवेतच राहिलं.

आत्या कच्च्या गुरूची चेली नव्हती. “ती दळान टाकून लगीच माघारी आली हुती ना रे!”

“न्हाई ओ मावशी,” भानुदास म्हणाला. माझ्यासारखाच प्रामाणिक माणूस, त्यामुळे तितकाच घातक. “पाऊन तास माझ्यापशीच बसल्या हुत्या. लाईट गेल्ती ना.”

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई उठली. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज पाहुण्यांनी ऐकला.

“व्हय. मी गिरनीतच हुते. माझा मानूस हितं जात हुता, आन मी तिथं पिठाची वाट बघत हुते. मांडीबिंडी काई न्हाई. कशाला खोटं बोलताय माझ्यापाई?”

आत्याने पदर तोंडाला लावला. आणि तेव्हा मला कळलं की जी गोष्ट मी नऊ दिवस दाबून ठेवली होती, ती सांगितल्याशिवाय आई यातून उठणार नाही. मी अण्णांना शब्द दिला होता. पण अण्णा गेले होते आणि आई समोर उभी होती.

“आई,” मी म्हणालो, “तुला गिरणीत अण्णांनीच पाठवलं होतं.”

“ते म्हाईत हाय. पीठ संपलं हुतं.”

“संपलं नव्हतं. पिठाचा डबा अण्णांनी पलंगाखाली सरकवला होता.”

“का?”

“तू घराबाहेर जावीस म्हणून.”

“मी काय केलं हुतं?”

“तू काही नाही. मी... मी बाजारातून गोडीशेव आणली होती. पावशेर.”

माजघरात एक हुंकार फिरला. अण्णांची शुगर साऱ्या भावकीला ठाऊक होती. साखरेचा डबा आई कुलपात ठेवायची, हेही ठाऊक होतं.

मग मी सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा, पहिल्यापासून. आई कोपऱ्यावरून वळली तसे अण्णा म्हणाले, “गेली का? काढ.” मी कपाटामागून पुडी काढली. पलंगावर पाय हलवत, शाळा बुडवलेल्या पोरासारखे ते गोडीशेव खात होते. मला म्हणाले, “तुझ्या आईला सांगू नगंस.” शेवटचं बोलणं मला ‘आठवत नव्हतं’, ते या शब्दापायी. डॉक्टरांना मी बाजूला घेऊन पुडीचं विचारलं होतं. ते म्हणाले, चार घासांनी असं होत नसतं, हृदय एका क्षणात थांबलं, घरात कुणीही असतं तरी हेच होतं. पण पुडी मी आणली होती, म्हणून मी गप्प बसलो.

“आन मग?” आत्या म्हणाली. (आत्या! मला! ‘आन मग’!)

“मग ते गोष्ट सांगायला लागले. आणि मध्येच थांबले.”

“आन तू?”

“अण्णा नेहमी मध्येच थांबायचे ना. ऐन रंगात आले की थांबून समोरच्याची मजा बघायचे. मला वाटलं, तसंच थांबलेत. मी वाट बघत बसलो. पाच मिनिटं तरी.”

आता सगळे माझ्याकडे कसे बघतील, म्हणून मी जमिनीकडे पाहिलं. आईने विचारलं,

“कंची गोष्ट?”

“शेळीची. तुम्ही दोघं मागच्या महिन्यात एसटीने श्रीगोंद्याला गेला होता तेव्हाची.”

“कुठवर आली हुती?”

“कंडक्टर म्हणाला, शेळीचं तिकीट काढ. तर तो शेळीवाला म्हणाला की...”

“हितंच थांबले?”

“इथंच.”

“आन तो काय म्हनला?” कर्जतच्या वहिनींना राहवलं नाही. मागून भानुदास डबा धरूनच म्हणाला, “व्हय, काय म्हनला?” माजघरातली तीस माणसं सुतक विसरून आईकडे बघू लागली.

आईने पदराने नाक पुसलं. “म्हनला, ‘हाफ फाडा. बाई हाय.’”

पहिली हसली आत्या. मग सगळं माजघर. समोरच्या घरातून दोघं धावत आले, त्यांना वाटलं आणखी कुणीतरी गेलं! आई हसता हसता खाली बसली आणि मग रडायला लागली, पोटभर, मोठ्याने, मधूनच अण्णांना शिव्या देत: “मला फसवून धाडलं! पिठाचा डबा लपवला! मी तिथं ताटकळतीय, आन ह्यो मानूस हितं गोडीशेव खातोय!” पाऊण तास गिरणीत बसल्याचा दोष नऊ दिवस तिच्या अंगावर होता. तो तिने जागच्या जागी अण्णांच्या नावावर केला, आणि अण्णांची काही तक्रार असेलसं वाटत नाही. त्या संध्याकाळी तिने भानुदासच्या डब्यातलं पीठ काढून स्वतः भाकऱ्या थापल्या. दोन खाल्ल्या.

डॉक्टरांचा दाखला खरा होता. माझं एका ओळीचं निवेदनही खरंच होतं. पण दोन्हींत आईला बसायला जागा नव्हती. आत्याने जागा केली, ती उसनी होती.

त्यानंतर कुणी आलं की आईच सांगते. तेरावा झाला, महिना झाला, लोक अजून येतात. काही तर दुसऱ्यांदा. आई सुंदर सांगते. थांबायच्या जागा तिला अचूक ठाऊक आहेत. माझी पाच मिनिटं तेराव्यापर्यंत वीस झाली होती, आता अर्ध्या तासावर गेली आहेत. आणि अलीकडे तिने एक नवीनच भर घातली आहे. ती म्हणते, “आन हे येडं, बाप गेला तरी, म्होरं बसून त्याला इचारतंय, ‘मग? मग?’”

लोक पोट धरून हसतात. मी चहा देतो. हे तिने मनानेच रचलं आहे, कारण तेवढं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

आणि अर्धा तास वगैरे साफ खोटं आहे. ‘मग?’ मी फक्त तीनदा म्हणालो.